संताळी सर्वनामांतील वचन : संख्या आणि श्रोता

प्रश्न असा विचारला गेला आहे की संताळीसारख्या आदिवासी भाषेत ‘आम्ही’ या एका मराठी सर्वनामासाठी चार वेगवेगळी रूपे का सांगितली जातात, ती एकवचनाला प्रत्यय लावून तयार होतात का, आणि मराठीतील ‘आम्ही’ व ‘आपण’ या जोडीशी त्यांचा मेळ घालता येतो का. मुंडा भाषांच्या क्षेत्रकार्यात आणि अध्यापनात बराच काळ घालवल्यामुळे याचे उत्तर थोडे सविस्तर देण्याची मुभा घेतो, कारण व्याकरणाच्या पुस्तकांत मिळणारा सर्वनामांचा तक्ता बरोबर असला तरी वचन खरोखर कसे काम करते हे त्या तक्त्यावरून निम्मेच कळते. उरलेले निम्मे क्रियापदात असते.

प्रथम भाषेविषयी थोडक्यात. संताळी ही ऑस्ट्रोआशियाई कुळाच्या मुंडा शाखेतील भाषा आहे. मुंडारी आणि हो या तिच्या जवळच्या बहिणी. 2011 च्या जनगणनेत 73 लाखांहून अधिक लोकांनी भारतात ती मातृभाषा म्हणून नोंदवली. झारखंडचा संताळ परगणा, पश्चिम बंगालचा पश्चिम भाग, ओडिशातील मयूरभंज, बिहार आणि आसाम अशा विस्तृत प्रदेशात ती बोलली जाते, शिवाय बांगलादेश आणि नेपाळमध्येही. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी 1925 मध्ये तिच्यासाठी ओल चिकी लिपी तयार केली आणि 2003 च्या 92 व्या घटनादुरुस्तीने तिचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. पुढील उदाहरणे मी देवनागरीत देत आहे. क्, त्, च् यांच्यापुढे जिथे ’ हे चिन्ह आहे, तिथे तो व्यंजन उच्चारताना हवा बाहेर न सोडता मध्येच थांबवायचा असतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

प्रथमपुरुषी रूपे अशी आहेत. ‘मी’ म्हणजे इञ. ‘आम्ही दोघे, म्हणजे मी आणि दुसरा कोणी, पण तू नव्हे’ यासाठी आलिञ. ‘आपण दोघे, म्हणजे मी आणि तू’ यासाठी आलाङ. ‘आम्ही, दोनांहून अधिक, तुला वगळून’ यासाठी आले. आणि ‘आपण सगळे, तुझ्यासह’ यासाठी आबो किंवा आबोन. द्वितीयपुरुषात श्रोत्याला वगळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून तिथे तीनच रूपे पुरतात : एकासाठी आम, दोघांसाठी आबेन, अधिकांसाठी आपे. तृतीयपुरुषात दर्शक सर्वनामे कामाला येतात. ‘तो’ किंवा ‘ती’ यासाठी उनी, ‘ते दोघे’ यासाठी उनकिन आणि ‘ते’ यासाठी ओनको. संताळीत व्याकरणिक लिंगभेद नसल्यामुळे ‘तो’ आणि ‘ती’ यांत फरक होत नाही. मराठी माणसाला ही सवलत वाटते, पण वचनाच्या बाबतीत ती सवलत पुरेपूर वसूल केली जाते.

या रूपांमागील तर्क समजण्यासाठी एक प्रसंग घेऊ. दोन बहिणी आठवड्याच्या बाजाराला आल्या आहेत. थोरली धाकटीला म्हणते, ‘आपण घरी जाऊ’, तेव्हा ती आलाङ वापरील. आईही सोबत असेल आणि थोरली तिघींबद्दल त्या दोघींनाच सांगत असेल, तर आबो. तीच थोरली दुकानदाराला स्वतःविषयी आणि धाकटीविषयी सांगू लागली, तर आलिञ. आईला धरून सांगू लागली, तर आले. याच चार प्रसंगांत मराठीत क्रमाने ‘आपण, आपण, आम्ही, आम्ही’ येईल. संस्कृतात ‘आवाम्, वयम्, आवाम्, वयम्’ येईल. हिंदीत चारही ठिकाणी ‘हम’. म्हणजे शाळेत आपण शिकलेल्या संस्कृतला दोन आणि अनेक यांतील सीमारेषा महत्त्वाची वाटते, पण समोरचा माणूस त्या दोघांत आहे की नाही हे ‘आवाम्’ सांगत नाही. मराठीला समोरचा माणूस आत आहे की बाहेर हे महत्त्वाचे वाटते, पण आत किती जण आहेत याची ती चौकशी करीत नाही. संताळी दोन्ही प्रश्न विचारते आणि दोन्हींची उत्तरे एकाच रूपात देते. चार रूपांचे कारण एवढेच आहे. दोन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरे.

मराठीशी मेळ बसतो का, या शंकेचे उत्तरही यातच आले, पण त्यात एक सावधगिरी हवी. ‘आपण’ हा समावेशक ‘आम्ही’ आहे हे खरे. हा भेद आपल्याकडे रुजला यामागे द्राविड भाषांच्या सहवासाचा हात आहे, असे भाषाभ्यासक सामान्यतः मानतात, आणि तमिळमध्ये वा तेलुगूत तो आजही स्पष्ट आहे. परंतु मराठी ‘आपण’ एवढ्यावर थांबत नाही. ‘आपण कधी येणार?’ यात तो आदरार्थी ‘तुम्ही’ आहे, ‘त्याने आपले सामान उचलले’ यात तो ‘स्वतः’ आहे आणि मुंबईच्या बोलीत ‘आपण नाही जाणार’ म्हणजे निव्वळ ‘मी नाही जाणार’. संताळी आबो असली कामे करीत नाही. त्यामुळे ‘आबो म्हणजे आपण’ असे पाठ करणारा विद्यार्थी आबोवरून आपणकडे येताना सुखरूप पोहोचतो, पण आपणवरून आबोकडे जाताना हमखास घसरतो.

ही रूपे एकवचनाला अनेकवचनाचा प्रत्यय लावून झालेली आहेत का? नामांच्या बाबतीत संताळीची पद्धत अगदी सरळ आहे. होड़ म्हणजे माणूस, होड़किन म्हणजे दोन माणसे, होड़को म्हणजे माणसे. -किन हा द्विवचनाचा आणि -को हा अनेकवचनाचा प्रत्यय. उनकिन आणि ओनको या तृतीयपुरुषी रूपांत हेच प्रत्यय दिसतात. पण इञ या रूपाला -को लावून ‘आम्ही’ होत नाही, आमला -को लावून ‘तुम्ही’ होत नाही. याला कारणही आहे. दोन माणसे म्हणजे एक माणूस आणि आणखी एक माणूस. पण ‘आम्ही दोघे’ म्हणजे दोन ‘मी’ नव्हेत. बोलणारा एकच असतो, त्याच्या गटात दुसरे कोण आहे एवढेच सांगायचे असते. म्हणून प्रथम आणि द्वितीय पुरुषांत संताळी गुणाकार करीत नाही, गटाचे नावच बदलते.

आता ही रूपे शेजारी शेजारी ठेवून पाहा : आलिञ, आलाङ, आले, आबो, आम, आबेन, आपे. सगळ्यांच्या आरंभी ‘आ’ आहे. तो काढून टाकला की -लिञ, -लाङ, -ले, -बो, -म, -बेन, -पे उरतात, आणि नेमकी हीच लघुरूपे वाक्यात क्रियापदाच्या आसपास सतत भेटतात. तृतीयपुरुषाची लघुरूपे एकवचनी -ए, द्विवचनी -किन आणि अनेकवचनी -को. म्हणजे वचनाचे ओझे खऱ्या अर्थाने लघुरूपे वाहतात आणि स्वतंत्र सर्वनाम म्हणजे त्या लघुरूपाला उभे राहण्यासाठी दिलेला आधार, असे म्हटले तर वस्तुस्थितीपासून फार दूर जाणार नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी तक्ता पाठ करायला लावण्यापूर्वी ही लघुरूपे कानाने ओळखायला लावतो, ती याच कारणासाठी.

कारण बोलताना स्वतंत्र सर्वनाम पुष्कळदा येतच नाही. ‘चालाक्’आलाङ’ एवढा एकच शब्द उच्चारला की ‘आपण दोघे जाऊ’ हे पूर्ण वाक्य झाले. ‘चालाक्’आले’ म्हटले की ‘आम्ही (तुला सोडून) जाऊ’. मराठीत ‘आम्ही जातो’ आणि ‘आपण जातो’ यांत क्रियापद तेच राहते, सर्वनाम गाळले तर भेद नाहीसा होतो. संताळीत सर्वनाम गाळले तरी भेद जागच्या जागी राहतो, आणि सर्वनाम उच्चारले तरी लघुरूप येतेच. ‘आले दो-ले चालाक्’आ’ या वाक्यात आले हे स्वतंत्र सर्वनाम आहे, दो हा विषय पुढे आणणारा निपात आहे आणि त्याला चिकटलेले -ले हे पुन्हा तेच सर्वनाम आहे.

हे कर्त्याचे लघुरूप कुठे चिकटते याचा नियम नवशिक्यांना सर्वांत जास्त चकवतो. क्रियापदाच्या लगेच आधी एखादा शब्द असेल तर ते त्या शब्दाला चिकटते; नसेल तर क्रियापदाच्या अखेरीस जाते. ‘आतुतेञ चालाक्’आ’ म्हणजे ‘मी गावाला जाईन’. यात आतु म्हणजे गाव, -ते हा दिशा दाखवणारा प्रत्यय आणि शेवटचा ञ म्हणजे ‘मी’. कर्ता गावाला चिकटून बसला आहे, पण त्याचा गावाशी अर्थाच्या दृष्टीने काहीही संबंध नाही.

याच नियमामुळे वचनाचा घोळ कसा होऊ शकतो ते एका नमुनेदार वाक्यात दिसते : ‘सुकरीको गोच्’केदेतिञआ’. सुकरी म्हणजे डुक्कर. नामांचा नियम नुकताच शिकलेला माणूस ‘सुकरीको’ हे पाहताच ‘डुकरे’ असा अर्थ लावून मोकळा होतो. तो चुकीचा आहे. येथील -को हा डुकरांचे अनेकवचन नसून ‘त्यांनी’ हा कर्ता आहे, जो क्रियापदाच्या आधीच्या शब्दाला चिकटला आहे. डुक्कर किती होते हे क्रियापदाच्या आत पाहावे लागते : गोच्’ म्हणजे मारणे, केद् हे सकर्मक भूतकाळाचे रूप, त्यानंतरचा ए म्हणजे ‘त्याला, एकाला’, तिञ म्हणजे ‘माझ्या मालकीचा’, आणि शेवटचा आ वाक्य विधानार्थी असल्याचे सांगतो. पूर्ण अर्थ ‘त्यांनी माझे डुक्कर मारून टाकले’. कर्त्याचे वचन, कर्माचे वचन आणि मालकाचे वचन अशी तीन वचने या दोन शब्दांच्या वाक्यात आहेत आणि स्वतंत्र सर्वनाम एकही नाही. एखाद्या भाषेत सर्वनामांचे वचन कसे दाखवतात, असे विचारल्यावर मी तक्त्याऐवजी अशी वाक्ये पुढे ठेवतो, ते यासाठीच.

कर्माचे वचन क्रियापदात असते म्हणजे काय, हे आणखी साध्या उदाहरणांत पाहू. ञेल म्हणजे पाहणे. ‘ञेलकेदेआञ’ म्हणजे ‘मी त्याला (किंवा तिला) पाहिले’, ‘ञेलकेत्’किनाञ’ म्हणजे ‘मी त्या दोघांना पाहिले’ आणि ‘ञेलकेत्’कोआञ’ म्हणजे ‘मी त्यांना पाहिले’. मात्र पाहिलेली वस्तू निर्जीव असेल तर क्रियापद ‘ञेलकेदाञ’ एवढेच राहते. तिथे कर्माची खूण येत नाही, वचनही येत नाही. म्हणजे क्रियापदाकडून मोजले जाण्याचा मान सजीवांनाच मिळतो. आणि सजीव कोण हे जीवशास्त्र ठरवीत नाही. सूर्य, चंद्र आणि तारे संताळीत सजीवांच्या वर्गात येतात, त्यामुळे चांदो (सूर्य किंवा चंद्र) पाहिला तर ‘चांदोञ ञेलकेदेआ’ असे त्याला ‘ए’ देऊनच सांगावे लागते.

द्विवचन ऐच्छिक नाही, हेही स्पष्ट करायला हवे. दोघांसाठी अनेकवचन वापरणे हे संताळीत ढिसाळ बोलणे ठरत नाही, चूक ठरते. ‘बार’ म्हणजे दोन हा संख्यावाचक शब्द वाक्यात आला तर नामाला प्रत्यय नसला तरी चालतो, पण क्रियापद सूट देत नाही : ‘बार होड़िञ ञेलकेत्’किना’, म्हणजे ‘मी दोन माणसांना पाहिले’. दोन हा आकडा आधीच सांगून झाला आहे, तरी क्रियापदात -किन आहेच. आज्ञार्थातही तोच काटेकोरपणा दिसतो. एकाला ‘ये’ म्हणायचे तर हिजुक्’मे, दोघांना हिजुक्’बेन, अधिकांना हिजुक्’पे.

मराठी वाचकाला येथे साहजिकच वाटेल की आदर दाखवायचा झाल्यास हिजुक्’पे म्हणत असतील. तसे नाही. आपण एकाच माणसाला ‘तुम्ही’ म्हणतो, ‘बाबा आले’ म्हणतो. आदरासाठी अनेकवचन ही आपली इतकी अंगवळणी पडलेली रीत आहे की ती सर्व भाषांत असणारच असे आपण गृहीत धरतो. संताळीत वडीलधाऱ्यांनाही सर्वसाधारणपणे आम असेच संबोधतात आणि त्यात उद्धटपणा नसतो. परंतु एका नात्यात वचन आदरासाठी राबवले जाते आणि तिथे येते ते अनेकवचन नव्हे, द्विवचन. सासू-सासरे आणि जावई-सुना यांच्यातील संबोधनात समोर एकच व्यक्ती असली तरी आबेन वापरण्याची रीत आहे. नॉर्वेहून आलेले मिशनरी पॉल ओलाफ बोडिंग यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संताळीचे व्याकरण आणि कोश अत्यंत बारकाईने नोंदवले. या रीतीची माहिती तेव्हापासून अभ्यासकांना आहे. भाषांतरकाराने हे ध्यानात ठेवले नाही तर सासूला उद्देशून म्हटलेल्या वाक्यात त्याला एक अदृश्य दुसरी बाई दिसू लागते.

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर समावेशक आणि असमावेशक या भेदाची खरी परीक्षा तिथेच होते, हे सांगितले पाहिजे. हा भेद षष्ठीतही कायम असतो : आलेआक्’ ओड़ाक्’ म्हणजे ‘आमचे घर’, आबोआक्’ ओड़ाक्’ म्हणजे ‘आपले घर’. प्रार्थनेत ‘आम्हांला क्षमा कर’ असे म्हणताना ज्याच्याकडे क्षमा मागायची तोच श्रोता असतो, म्हणून तिथे असमावेशक रूपच हवे. मराठी भक्तही देवाला ‘आपल्याला क्षमा कर’ असे म्हणत नाही, त्यामुळे आपल्याला हे सहज पटते. पण काही ठिकाणी मराठीचा कौल कामाचा नसतो. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेचा मराठी पाठ ‘आम्ही, भारताचे लोक’ असा सुरू होतो. हा ‘आम्ही’ संताळीत नेताना अनुवादकाला ठरवावे लागते की हे वाक्य लोक कोणाला उद्देशून म्हणत आहेत : जगाला सांगत असतील तर आले, एकमेकांना सांगत असतील तर आबो. माझे मत विचाराल तर संकल्पाच्या भाषेत दुसरा पर्याय अधिक शोभतो, कारण वाचणारा नागरिक संकल्प करणाऱ्यांतलाच आहे. पण पहिला निवडणाऱ्याला चूक म्हणता येणार नाही. सरकारी सूचना, आरोग्यविषयक फलक, पाठ्यपुस्तके यांत मात्र चुकीला निमित्त नाही. ‘आपले गाव स्वच्छ ठेवू’ यासाठी आले वापरले तर वाचणाऱ्याला ती दुसऱ्याच कोणाच्या गावाची गोष्ट वाटेल.

क्षेत्रकार्य करू इच्छिणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. ही रूपे हिंदीतून विचारून गोळा करू नयेत. ‘हम जाएँगे को क्या बोलते हैं?’ असे विचारले की उत्तरात बहुतेकदा आले येते, कारण सांगणारा माणूस स्वतःला आपल्या घरच्यांसह डोळ्यांपुढे आणतो आणि विचारणारा पाहुणा अर्थातच त्या गटाबाहेर असतो. मग वहीत ‘आम्ही = आले’ अशी नोंद होते आणि बाकीची तीन रूपे अपघाताने सापडेपर्यंत दडून राहतात. बंगालीतून ‘आमरा’ विचारले तरी हाच परिणाम होतो. मराठी अभ्यासकाला निदान आम्ही आणि आपण यांचा भेद जन्मजात कळत असतो, हा त्याचा मोठा फायदा. पण दोन आणि अनेक यांतील भेद तोही विसरतो. त्यापेक्षा दोन भाषकांना समोरासमोर बसवावे, कोणते तरी काम ठरवायला सांगावे, मग तिसऱ्याला बोलावून तेच काम त्याला समजावून सांगायला लावावे. अर्ध्या तासाच्या अशा संभाषणात चारही रूपे आपोआप येतात. शिवाय प्रश्न आणि उत्तर यांत रूप उलटते हेही तिथेच ऐकू येते : ‘तुम्ही दोघे कुठे जाणार?’ यातील आबेनचे उत्तर देताना आलिञ होते, आलाङ होत नाही.

संताळीची ही व्यवस्था तिच्या एकटीची नाही. मुंडारीत आलाङ, आलिङ, आबू, आले अशी जवळजवळ तीच रूपे आहेत. खड़िया या काहीशा दूरच्या भाषेत द्वितीयपुरुषी रूपे आम, आंबार, आंपे अशी आहेत. त्यांतील आंबार हे आम आणि दोनवाचक बार यांच्या जोडणीतून झालेले उघड दिसते. म्हणजे मी वर म्हटलेला ‘गटाचे नाव बदलण्याचा’ नियम शाखेतील प्रत्येक भाषेने सारख्याच निष्ठेने पाळला आहे असे नाही.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी सर्वांत जवळची मुंडा भाषा म्हणजे कोरकू, जी अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, तसेच सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात बोलली जाते. 2011 च्या जनगणनेत तिचे भाषक सुमारे 7 लाख 27 हजार होते. मुंडा शाखेतील ही सर्वांत पश्चिमेकडची भाषा. संताळीपासून शेकडो किलोमीटर दूर राहूनही तिने द्विवचन टिकवले आहे आणि ‘तुला धरून’ व ‘तुला वगळून’ हा भेदही टिकवला आहे. असमावेशक अनेकवचनाचे आले हे रूप तर मेळघाटात आणि संताळ परगण्यातील दुमक्यात सारखेच ऐकू येते. फरक आहे तो क्रियापदात. कोरकू क्रियापद कर्माची खूण वागवते, पण कर्त्याची खूण त्याने बहुतांशी सोडून दिली आहे. त्यामुळे संताळीत जे काम शब्दाशब्दाला चिकटणारी लघुरूपे करतात, ते कोरकूत स्वतंत्र सर्वनामालाच करावे लागते आणि तिथे सर्वनाम गाळले तर मराठीसारखाच कर्त्याचा पत्ता हरवू शकतो. मेळघाटात काम करणाऱ्या शिक्षकांनी आणि आरोग्यसेवकांनी कोरकू शिकताना म्हणूनच सर्वनामांचा तक्ता आधी पक्का करावा. संताळी शिकणाऱ्याने मात्र क्रियापदापासून सुरुवात करावी.